व्हिकच्या बाजारात आग्नेस दिसली

रेमेयला खरं तर त्या शनिवारी यायचंच नव्हतं. सर्दी झाली होती, गुडघा दुखत होता, आणि डिसेंबरात व्हिकला जायचं म्हणजे हाडं गोठवून घ्यायची. पण बाल्दिरी ऐकायला तयार नव्हता. आम्ही तिघं महिन्यातून एकदा बार्सेलोना सोडून कुठेतरी दिवसभरासाठी जाऊन येतो. गाव पाळीपाळीने ठरवतो, आणि त्या महिन्याची पाळी त्याची होती. बाल्दिरीने जन्मभर शहरात बस चालवली. निवृत्त झाल्यापासून तो फक्त पोट नेईल तिकडे जातो. व्हिकचं नाव काढलं ते तिथल्या वाळवलेल्या सॉसेजसाठी.

"गुडघा घरी ठेवून ये," तो फोनवर रेमेयला म्हणाला. "तोंड तेवढं घेऊन ये, जेवायला."

ती आली. आम्ही दोघी आगगाडीत शेजारीशेजारी बसलो. मी ओतिलिया, एका शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायचे. रेमेयचं केस कापायचं दुकान आमच्याच गल्लीत आहे, आणि माझं डोकं तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातात मी कधी दिलं नाही. लग्न तिने केलं नाही. आईवडिलांची एकुलती एक. आईचं बरंच वय झालेलं असताना ही झाली, त्यामुळे लाडात वाढली. ते दोघं जाऊन आता जमाना झाला, पण अजून दर रविवारी ती त्यांच्या कबरीवर फुलं बदलायला जाते.

डोंगरांमधली घळ संपेपर्यंत लख्ख ऊन होतं. एका वळणानंतर ते गेलं, आणि खिडकीबाहेर काहीच उरलं नाही. ना शेत, ना झाड, ना डुकरांचे गोठे. व्हिकच्या मैदानात हिवाळ्यात धुकं बसतं ते कधीकधी आठवडाभर हलत नाही.

"सुंदर देखावा," रेमेय म्हणाली. "तिकिटाचे पैसे वसूल."

बाजार मोठ्या चौकात भरतो. पायाखाली वाळू, चारी बाजूंनी कमानी. पण त्या दिवशी एका बाजूला उभं राहिलं की दुसरी दिसत नव्हती. माणसं धुक्यातून अचानक समोर यायची, टोपली सांभाळत बाजूला व्हायची आणि पुन्हा नाहीशी व्हायची. बाल्दिरी वासाच्या मागे पुढे चालला होता. एवढ्यात सायकल हातात धरून चाललेला एक म्हातारा रेमेयजवळून गेला आणि सहज म्हणाला, "काय आग्नेस, बरंय ना?"

थोडं पुढे जाऊन तो थांबला. वळला. त्याने रेमेयकडे पाहिलं ते मी अजून विसरले नाही. मग सायकल ढकलत तो इतक्या घाईने निघाला की एका टपरीचा बांबू त्याच्या खांद्याला लागला.

"इथेपण ओळखी आहेत का तुझ्या?" बाल्दिरी हसत म्हणाला. "कधी आली होतीस गं? आणि कोणाबरोबर?"

"गप रे. त्याला चष्म्याचा नंबर तपासायला सांग."

आम्ही हसलो. पण त्यानंतर मी बघायला लागले. ऑलिव्ह विकणारा माणूस चमचा तसाच हातात धरून आमच्याकडे बघत राहिला. दोन बायका बोलताबोलता गप्प झाल्या. एकीने दुसरीची बाही ओढली. आम्ही पुढे गेलो की मागे कुजबुज उठायची, आणि वळून पाहिलं तर नुसतं धुकं.

चीजच्या टपरीवर एक जाडजूड, लाल गालांची बाई चाकाएवढं मोठं चीज कापत होती. बाल्दिरीने तिला काहीतरी विचारलं. ती उत्तर देता देता वर बघू लागली आणि तिची नजर रेमेयवर गेली. सुरी तिथेच थांबली.

"आई गं," ती म्हणाली आणि तिने छातीवर क्रूस काढला. "बाई, तुम्ही कोण?"

"मी रेमेय. बार्सेलोनाहून आलोय आम्ही. काय झालं?"

"बोलू नका," ती बाई म्हणाली. "देवासाठी बोलू नका. आवाजपण तोच आहे."

तिचं नाव कोंसोल. तिने मागून स्टूल आणलं. रेमेयला बसायला देणार होती, पण स्वतःच त्यावर बसली. "आग्नेस माझी मैत्रीण. दर शनिवारी इथे यायची, तुम्ही उभ्या आहात तिथेच उभी राहायची. मार्चमध्ये पोचवून आलो आम्ही तिला. मी स्वतः तिचे केस विंचरले हो. या हातांनी."

"एकसारखी दिसणारी माणसं असतातच जगात," बाल्दिरी म्हणाला. पण त्याच्या आवाजातली मस्करी गेली होती.

"दिसणारी असतील," कोंसोल म्हणाली. "पण मान अशी डावीकडे टाकून ऐकणारीसुद्धा?"

रेमेयने मान सरळ केली. ती तशीच ऐकते. मला ते इतकं सवयीचं की कधी जाणवलंही नव्हतं. ती एकदम म्हणाली, "चला इथून." आणि पैसे न देता, चीज न घेता चालायला लागली. ती बाजारातून बाहेर पडली, एका गल्लीत वळली, मग दुसऱ्या. आम्ही मागे. व्हिकला ती पूर्वी कधी आली नव्हती. मी विचारलं, "कुठे चाललीयस?" तर म्हणाली, "माहीत नाही. जिथे माणसं नसतील तिथे."

परतीची गाडी लगेच नव्हती, म्हणून आम्ही एका खानावळीत शिरलो. आत गेल्यावर टेबलांवरचं बोलणं हळूहळू बंद पडत गेलं. बाल्दिरीने घेवड्याच्या बिया आणि भाजलेलं सॉसेज मागवलं आणि खाली मान घालून खाल्लं. ज्या जेवणासाठी तो आठवडाभर बोलत होता त्याबद्दल एक शब्द काढला नाही. रेमेयने पावाचा तुकडा मोडून त्याचा नुसता भुगा केला.

"माझं नाक," ती मध्येच म्हणाली, "आमच्या घरात कोणाचंच नव्हतं. आईला विचारलं की म्हणायची, पणजीचं आहे. पणजीचा फोटो कुठेय विचारलं तर म्हणायची, युद्धात गेला."

"अगं, सगळ्यांचेच फोटो युद्धात गेले," मी म्हणाले.

"हो ना. म्हणून पुढे विचारलं नाही."

बाहेर पडलो तेव्हा दुपार होती, पण उजेड सकाळइतकाच राखाडी. कॅथेड्रलच्या भिंतीला धरून आम्ही स्टेशनकडे चाललो होतो. घंटा वाजत होती. कुठून वाजतेय ते दिसत नव्हतं. तेवढ्यात दगडांवर धावत्या पावलांचा आवाज आला आणि धुक्यातून एक लहान मुलगी आली, लाल टोपी, एकाच हातात हातमोजा. ती सरळ रेमेयवर येऊन आदळली आणि तिच्या कमरेला तिने मिठी मारली.

"आजी!" ती म्हणाली. बाकी काही नाही. तोंड कोटात खुपसलं आणि धरून राहिली.

रेमेयचे दोन्ही हात हवेत होते. कोणीतरी बंदूक रोखल्यासारखे.

"ब्रुना! ब्रुना, पळू नकोस म्हटलं ना!" मागून एक उंच, वाकलेला माणूस आला. तो रेमेयसमोर येऊन थांबला. मला वाटलं ओरडेल, किंवा पडेल. त्याने टोपी काढली आणि ती छातीशी धरली. कोंसोलने बाजारातून निरोप धाडला होता हे आम्हाला नंतर कळलं; तो रेमेयला शोधतच फिरत होता. पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं.

"बाई," तो अगदी हळू म्हणाला, "मला माहितीय तुम्ही ती नाही. पण लगेच सोडवू नका तिला. एवढं करा."

रेमेयने हात खाली आणले. एक मुलीच्या टोपीवर ठेवला, एक पाठीवर. आम्ही सगळे तसेच उभे राहिलो. शेवटी मुलीनेच डोकं वर केलं, रेमेयचा चेहरा नीट पाहिला, कोटाचा वास घेतला आणि मागे सरकली.

"ही आजी नाहीये," ती आजोबांना म्हणाली. "हिला वेगळा वास येतो."

तो माणूस क्लिमेंत, आग्नेसचा नवरा. घड्याळं दुरुस्त करायचा. त्याने आम्हाला घरी बोलावलं. बाल्दिरी म्हणाला, गाडीची वेळ होतेय. मी म्हणाले, रेमेयला ठरवू दे. रेमेय त्या मुलीकडे बघत होती. म्हणाली, "फोटो असेल ना घरी? फोटो बघते. मग जाऊ."

घर जवळच होतं, अरुंद, जिना दगडी. दारामागच्या खुंटीवर हिरवट रंगाचा बायकी कोट अजून लटकत होता. मी तो पाहिला आणि मनात म्हटलं, नऊ महिने होत आले, काढून का नाही ठेवला? पण असं कोणाला विचारतात का. बैठकीच्या खोलीत बशांच्या कपाटावर फोटो होता. समुद्रकिनारी वाऱ्यात हसणारी बाई, खांद्यावर कोणाचा तरी हात. मी रेमेयचे केस पिकताना पाहिलेत, तिचा चेहरा मला माझ्या चेहऱ्याइतका पाठ आहे. तो फोटो रेमेयचा होता. फक्त रेमेय त्या किनाऱ्यावर कधी गेली नव्हती, आणि तिच्या खांद्यावर तो हात कधी कोणी ठेवला नव्हता.

रेमेयने फोटो उचलला, जवळ नेला, दूर नेला. मग पालथा ठेवून दिला.

"आत सासूबाई आहेत," क्लिमेंत म्हणाला. "आग्नेसची आई. फिलोमेना. त्यांना हल्ली काही आठवत नाही. आग्नेस गेली हेसुद्धा रोज नव्याने सांगावं लागायचं. रोज रडायच्या. मग मी सांगणंच सोडलं. आता विचारलं की म्हणतो, बाजारात गेलीय." तो थांबला. "तुम्हाला बघून त्यांना वाटेल ती परत आली. वाटलं तर वाटू दे. पण तुमची इच्छा नसेल तर..."

"म्हणजे मी तिचं सोंग घ्यायचं?" रेमेय म्हणाली.

"नाही हो. नुसतं बसायचं."

मी तिचा हात धरला. "अगं, नको जाऊ. चल आपण निघू."

"तू ये माझ्याबरोबर," ती म्हणाली. बाल्दिरी ब्रुनाजवळ बाहेरच्या खोलीत थांबला.

आतल्या खोलीत खिडकीशी म्हातारी बसली होती, मांडीवर घोंगडी, पायाशी शेगडी. खिडकीबाहेर पांढरं, बाकी काही नाही, आणि ती त्याच्याकडेच बघत होती. क्लिमेंत वाकून म्हणाला, "आई, कोण आलंय बघा."

म्हातारीने मान वळवली. रेमेयकडे पाहिलं. बराच वेळ. तिचे डोळे फिकट होते, पण ती अगदी निवांत बघत होती.

"आग्नेस बाजारातून आली बघा," क्लिमेंत म्हणाला.

"मूर्खासारखं बोलू नकोस, क्लिमेंत," म्हातारी म्हणाली. "आग्नेस मेली. ही दुसरी."

क्लिमेंतने खुर्चीची पाठ धरली.

"बस," ती रेमेयला म्हणाली. "उभी का? केवढा उशीर केलास गं."

रेमेय बसली.

म्हातारी जे बोलली ते तिने एका दमात सांगितलं नाही. मध्ये ती थांबायची, शेगडीकडे बघायची, आणि आम्हाला वाटायचं संपलं. पोट फार मोठं होतं म्हणून तिला बार्सेलोनाला नेलं होतं. दवाखान्याचं नाव ती कधी नीट सांगू शकली नाही, तेव्हाही नाही. दोघी झाल्या. दोघी रडल्या. "मी दोन आवाज ऐकले. एक जाड, एक बारीक. बारीक आवाज तुझा." सकाळी एकच आणून दिली. दुसरी गेली म्हणाले. बघू द्या म्हटलं तर म्हणाले, बघून काय करणार, त्रास होईल, आम्हीच पुरलं. तिने आरडाओरडा केला तेव्हा सुई दिली. नवऱ्याने समजावलं, पाद्र्याने समजावलं. गावात आल्यावर लोक म्हणायला लागले, बाळंतपणात फिलोमेनाचं डोकं फिरलं.

"सगळ्या संतांच्या दिवशी लोक कबरींवर जायचे," क्लिमेंत मला हळूच म्हणाला, "आणि ह्या घरी बसायच्या. म्हणायच्या, माझी जिवंत आहे, फुलं कोणाला वाहू? आम्ही हसायचो. आग्नेससुद्धा. चिडली की म्हणायची, आई, तुझी ती दुसरी असती ना, तर तिनेच तुला सांभाळलं असतं, माझी सुटका झाली असती."

आता रेमेय बोलली तेव्हा तिचा आवाज कडक होता. "मला आई होती," ती म्हणाली. "माझी आई होती. तिने मला वाढवलं. तिचं दुकान होतं, रिबिनींचं, बटणांचं. ती चोर नव्हती."

"असेल," म्हातारी म्हणाली. "मारायची का तुला?"

"नाही! कधीच नाही."

"जेवायला घालायची पोटभर?"

"हो."

"थंडीत?"

"काय थंडीत?"

"थंडीत पांघरूण घालायची का रात्री उठून? तुमच्या दोघींचे पाय गार होते. जन्मल्याजन्मल्या हात लावला होता मी, बर्फासारखे. आग्नेसचे मरेपर्यंत गार राहिले."

रेमेयने खाली पाहिलं, आपल्या बुटांकडे. मग तिचे खांदे हलायला लागले. म्हातारीने घोंगडीतून हात काढला आणि तिच्या गुडघ्यावर ठेवला. दुखऱ्या गुडघ्यावर. रेमेयने तो बाजूला केला नाही.

"घालायची," शेवटी ती म्हणाली. "रात्री उठून घालायची."

"मग झालं," म्हातारी म्हणाली.

आम्ही तिथे किती वेळ बसलो मला सांगता येणार नाही. ब्रुनाने दारातून डोकावून पाहिलं आणि ती परत गेली. क्लिमेंतने केक कापला, मऊ, साखर भुरभुरलेला, व्हिकमध्ये घरोघरी असतो तो. कोणी खाल्ला नाही. निघताना म्हातारी पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसली होती. रेमेय वाकून तिच्या कानाशी काहीतरी बोलली. म्हातारी दचकली, तिच्याकडे पाहिलं आणि प्रेमाने म्हणाली, "आलीस का बाजारातून? कोंसोल कशी आहे?"

रेमेयचा चेहरा मी पाहिला. क्लिमेंतने मान खाली घातली. "बरी आहे," रेमेय म्हणाली. "तुला विचारत होती."

गाडीत बाल्दिरी आमच्यासमोर बसला. बाहेर अंधारून आलं होतं, आणि धुक्यामुळे खिडकीची काच आरशासारखी झाली होती. रेमेय खिडकीशी होती. थोड्या वेळाने ती उठली आणि म्हणाली, "ओतिलिया, तू बस इथे."

"का गं? वारा लागतोय?"

"ती बघतेय माझ्याकडे."

मी जागा बदलली. काचेवर माझं तोंड आलं, आणि त्याच्या पलीकडे, माझ्या खांद्यामागे, तिचं. मी माझा स्कार्फ काढून काचेला लावून धरला, घळ संपून शहराचे दिवे लागेपर्यंत. बाल्दिरीने एका शब्दाने विचारलं नाही की काय चाललंय. उतरताना तो रेमेयला म्हणाला, "मला माफ कर. मी दुसरं गाव निवडायला हवं होतं." ती म्हणाली, "वेडा आहेस."

पुढे जे व्हायचं ते झालं. जानेवारीत रक्ताची तपासणी केली, उत्तर आलं, आणि ते काय येणार हे आम्हाला आधीच माहीत होतं. रेमेयने चौकशी केली. तिच्या जन्मदाखल्यावरचा दवाखाना कधीचाच पाडलाय, तिथे आता दुकानं आहेत. सही करणारे सगळे मेलेत. एका कचेरीतल्या मुलीने तिला पाणी दिलं, हात धरला, पण तिच्याकडेही सांगण्यासारखं काही नव्हतं. रेमेयच्या आईवडिलांना काय माहीत होतं, काय नव्हतं, हे आता कोणाला विचारणार? दोन रविवार ती कबरीवर गेली नाही. तिसऱ्या रविवारी गेली. मला म्हणाली, भांडायला गेले होते, पण फुलं सुकलेली बघून आधी पाणी आणायला गेले, मग भांडायचं राहून गेलं.

व्हिकला ती जात राहिली. म्हातारीने तिला दुसरी म्हणून परत एकदाच ओळखलं, बाकी वेळी ती आग्नेसच होती, बाजारातून आलेली. रेमेय बाजाराच्या गोष्टी रचून सांगायची. क्लिमेंतने एकदा तो हिरवट कोट तिच्यापुढे धरला. बाहेर थंडी होती, आणि तो बिचारा चांगल्या मनानेच म्हणाला, घाला. ती घालायला गेली, एक बाही घातली, बरोबर बसली. तिने ती झटकून काढली आणि तशीच जिना उतरून रस्त्यावर आली. नंतर फोन करून त्याची माफी मागितली, पण कोटाला पुन्हा हात लावला नाही. त्याच आठवड्यात तिने स्वतःचे केस अगदी बारीक कापले आणि तांबडे रंगवले. "ब्रुनासाठी," मला म्हणाली. "तिला दुरूनच कळायला हवं मी कोण आहे ते."

फिलोमेना ईस्टरच्या आधी गेली. आम्ही तिघं गेलो. तिथल्या रीतीप्रमाणे घरचे लोक पुढच्या बाकावर बसतात आणि गाव एकेक करून येऊन त्यांचे हात हातात घेतं. रेमेय क्लिमेंतच्या शेजारी होती, तांबड्या केसांनिशी, माझ्या काळ्या स्कार्फमध्ये. कोंसोलने तिला घट्ट मिठी मारली. पण काही म्हातारे तिच्यापर्यंत आले की नजर खाली घालायचे आणि हात न देता पुढे सरकायचे. त्यांच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं. रेमेय प्रत्येकासमोर हात पुढे करत राहिली, घेणाऱ्यांसमोर आणि न घेणाऱ्यांसमोर.

परत आल्यावर तिने मला दुकानात बसवलं. माझे केस वाढले होते. कात्री चालवता चालवता म्हणाली, "तुला एक सांगू? हसू नकोस. सकाळी जाग येते ना, तेव्हा काही क्षण मला नक्की माहीत नसतं, गेल्या वर्षी मार्चमध्ये कोण गेलं, आग्नेस की मी. मी पाय एकमेकांवर घासून बघते."

"मग?"

"गार असतात," ती म्हणाली. "मग तशीच पडून राहते, कोणीतरी पांघरूण घालेल म्हणून. मग उठते, कॉफी करते. मान खाली घाल, मागचे घेते."

मी मान खाली घातली.